टपावरचे ओरखडे

आमची गाडी नवी नाही. अम्मींच्या गुडघ्यांचे ऑपरेशन झाले, स्टेशनचे जिने चढणे त्यांना जमेना, तेव्हा आम्ही नवरा-बायकोने साठवलेल्या पैशांतून ही गडद निळी, दुसऱ्याने वापरलेली गाडी घेतली. राहतो बदलापूरला, कामाला जातो अंबरनाथच्या एमआयडीसीत. तिकडच्या रस्त्याच्या धुळीबद्दल इथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. संध्याकाळी गाडी घरी येते तेव्हा निळी नसते, मातकट असते. म्हणून आमचा रोजचा नेम होता. सकाळी चहाच्या आधी सुके फडके घ्यायचे आणि सगळी गाडी खसाखसा पुसून काढायची.

गेल्या हिवाळ्यात ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर बारीक ओरखडे दिसले. उन्हात त्या पांढऱ्या रेघा डोळ्यांत खुपायच्या. शेजारचा सातवीतला मुलगा आमच्या गाडीला खेटून सायकल लावतो, हे आम्ही रोज पाहत होतो. मग दुसरे कोण असणार? त्याला काही न विचारता आम्ही त्याच्या आईला बोलावून दार दाखवले. "काकी, मी नाही केलं," एवढेच तो म्हणाला. त्याच्या आईने सर्वांसमोर त्याला दोन धपाटे घातले आणि महिनाभर सायकलला कुलूप लावले. आम्ही गप्प राहिलो.

आमच्याकडे ईदला शीरखुर्म्याची पहिली वाटी त्या मुलाची असे. या ईदला त्याची आई येऊन गेली, तो आला नाही. आमची मुलगी दिवसभर विचारत राहिली, "भय्या का नाही आला?"

त्याच संध्याकाळी उल्हासनगरहून अम्मींचे धाकटे भाऊ, आमचे मामू, ईद मिळायला आले. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात त्यांचा हात पॉलिशच्या कामातच म्हातारा झाला. दार पाहून म्हणाले, "पेंटरकडे पैसे घालण्याआधी मला बघू द्या. लाकडावर लाखेचा थर असतो, तसाच तुमच्या गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. ओरखडा त्या थरात आहे की खाली रंगात गेलाय, ते आधी कळायला हवं."

त्यांनी रेघेवर नख आडवे फिरवले. नख कुठेच अडकले नाही. मग ओले बोट फिरवले, तर पाणी असेपर्यंत रेघ दिसेनाशी झाली. म्हणजे ओरखडा वरच्या थरातच होता. नख अडकले असते किंवा खालचा पांढरा प्रायमर अथवा पत्रा दिसला असता, तर घरी घासून उपयोग नव्हता. तिथे रंगच भरावा लागतो.

मग मामूंनी मोबाइलचा टॉर्च लावला. दारावर उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघाच रेघा उमटल्या. टॉर्च बॉनेटवर नेला, तिथेही तेच जाळे. भिंतीकडच्या दारावर तेच. शेवटी त्यांनी टपावर उजेड टाकला. तिथेही तसेच जाळे होते. हँडलमागच्या खोलगट जागेत तर अंगठीच्या आणि नखांच्या खुणा होत्या.

मामू म्हणाले, "बेटा, टपावर कुणाची सायकल चढली होती?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आमचे रोजचे सुके फडके आम्हाला आठवले. धुळीत वाळूचे कण असतात. त्यावर कोरडे कापड दाबून फिरवले की तेच कण पॉलिश पेपरचे काम करतात. ज्या हाताने आम्ही गाडी चमकवत होतो, त्याच हाताने ती रोज खरवडत होतो.

त्याच रात्री आम्ही दोघे शेजारी गेलो. मुलासमोरच त्याच्या आईला सांगितले की चूक आमची होती, याने काही केले नव्हते. माफी मागताना जीभ जड झाली. त्या म्हणाल्या, "होतं असं." मुलगा काहीच बोलला नाही, आतल्या खोलीत निघून गेला.

रविवारी सकाळी लवकर, सावलीत, मामूंच्या देखरेखीखाली काम सुरू झाले. पत्रा तापलेला असला की पॉलिश लगेच सुकते आणि कापड ओढले जाते. आधी पाण्याची धार सोडून धूळ वाहून जाऊ दिली. मग दोन बादल्या घेतल्या, एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत स्पंज खळबळायला साधे पाणी. भांड्यांचा साबण घ्यायचा नाही, त्याने मेणाचा थर निघून जातो. दाराच्या कडांना आणि उठावाच्या रेषांना मास्किंग टेप लावली, कारण तिथे थर सर्वांत पातळ असतो.

एका नातेवाइकाने टूथपेस्ट सुचवली होती. मामू हसले. "ती दातांसाठी आहे. तिचे कण किती जाड, कोण सांगणार? आणि एक लक्षात ठेवा, घासणं म्हणजे भरणं नाही, काढणं आहे." हा पारदर्शक थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, डोक्याच्या केसाहूनही पातळ असतो. ओरखड्याच्या कडा गुळगुळीत होईपर्यंत त्यातला अगदी थोडा भाग काढायचा असतो. पुन्हा पुन्हा घासत राहिले, तर एक दिवस थरच संपतो.

म्हणून सुरुवात सर्वांत बारीक पॉलिशने केली. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब घेतले. एका वेळी दीड फूट लांब-रुंद एवढीच जागा, हलका आणि सारखा दाब. मायक्रोफायबरच्या स्वच्छ कापडाने पुसायचे आणि टॉर्च लावून पाहायचे. पॅडवर निळा रंग उतरू लागला असता तर तिथेच थांबायचे होते. एका दाराला अर्धा-पाऊण तास लागला. शेवटी मेणाचा पातळ हात दिला. बारीक जाळे बहुतेक गेले. दोन रेघा मंद झाल्या, पण राहिल्या. मामूंनी त्या तशाच राहू दिल्या.

आता आम्ही सुके फडके लावत नाही. गाडी मळलेली दिसली तर दिसू देतो आणि रविवारी पाण्याने धुतो. पुसताना कापड जमिनीवर पडले, तर ते पुन्हा गाडीला लावत नाही.

पहिले दोन रविवार तो मुलगा गॅलरीतून नुसता पाहत होता. तिसऱ्या रविवारी सायकल घेऊन खाली आला आणि ती आमच्या गाडीपासून चांगली चार हात लांब लावली. ते अंतर पाहून आम्हाला बोलणे सुचेना. आमच्या मुलीने त्याच्या हातात टॉर्च दिला. त्याने तो टपावर धरला, थोडा वेळ वाकून पाहिले आणि म्हणाला, "काका, इथे अजून आहेत."

"आहेत," आम्ही म्हणालो. "ते आमचेच आहेत."