दिव्याखालचं चित्र

परवा रात्री झोप येईना म्हणून नेटवर जुनी चित्रं बघत बसले होते. त्यातल्या एका चित्रापाशी अडकलेच. अमेरिकन चित्रकार चार्ल्स विल्सन पील याने १८२२ साली, ऐंशीच्या घरात पोचल्यावर काढलेलं. चित्रात त्याचा धाकटा भाऊ जेम्स. टेबलावर दिवा, आणि त्या उजेडात म्हातारा हातातलं एक इवलंसं व्यक्तिचित्र निरखतोय. बस्स, एवढंच.

गंमत अशी की जेम्स स्वतःच अशी चित्रं काढणारा! थोरल्या भावाने १७८६ मध्ये हे काम त्याच्याकडे सोपवलं, आणि फिलाडेल्फियात तीसेक वर्षं त्याने तेच केलं. कॅमेरा यायचा होता (तो १८३९ नंतर). जवळच्या माणसाचा चेहरा सोबत हवा, तर असं चित्र काढून घ्यायचं. हस्तिदंताची पातळ चकती, दोन-तीन इंचांची. तिच्यावर पाण्याचा रंग धरत नाही, म्हणून आधी घासून तेलकटपणा काढायचा, मग बारीक कुंचल्याने ठिपक्याठिपक्यांनी चेहरा भरायचा. हस्तिदंतातून उजेड झिरपतो, म्हणून गाल जिवंत वाटतात. मागच्या बाजूला कित्येकदा त्याच माणसाचे केस, काचेखाली. (आपण ताटात केस निघाला तर ताट बाजूला सारतो, आणि हे लोक गळ्यात घालून हिंडायचे!)

पुढे जेम्सचे डोळे अधू झाले. १८१८ च्या सुमारास हे काम सुटलं. त्याची मुलगी ॲना ते करत राहिली. म्हणजे चित्रातला जेम्स डोळे अधू झाल्यावर ते बघतोय...

आमच्या बाबांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. आई गेल्यापासून रोज रात्री टेबललॅम्प लावून, भिंग घेऊन तिचा पासपोर्ट साइज फोटो बघतात. गेल्या दिवाळीत मी तो मोठा करून, फ्रेम घालून भिंतीवर लावला. "छान आहे गं," म्हणाले. आणि रात्री पुन्हा पाकिटातला छोटाच काढला. मला रागच आला. दिसत नाही तर हट्ट कशाला, असं बोललेही. (दादा, तू होतास तेव्हा.)

परवा कॉम्प्युटर बंद करून उठले, तर बाबांच्या खोलीत उजेड. आत जाऊन दिवा थोडा जवळ सरकवला.

"दिसतंय का बाबा?"

"दिसतं की. टिकली जरा डावीकडे गेलीय तिची."