सूत आणि मिलिमीटर

१४ जून, पुणे
भट्टी उतरवली. दिव्याच्या टोप्या चांगल्या निघाल्या, ग्लेझ कुठे ओघळलं नाही. चाकावर तोंड १०० मिलिमीटर धरलं की माती १२४० अंशांतून आकसून ८८ वर येते. हा झाला हिशेब. वरच्या फडताळातली टोपी ८७ भरली, खालची ८९. ताटल्या-वाट्या विकताना एवढा मिलिमीटर कुणी विचारत नाही. पण या प्रत्येक टोपीखाली काचेचा गोळा यायचाय, आणि तो फुंकला जाणार तिकडे फिरोजाबादला.

२१ जून, फिरोजाबाद
आग्र्याहून चाळीसेक किलोमीटर. गाव बांगड्यांचं. ताजमहालाच्या संगमरवराला धुराची झळ लागू नये म्हणून १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने या पट्ट्यातल्या कारखान्यांचा कोळसा सोडवला. तेव्हापासून भट्ट्या गॅसवर. उष्मा मात्र तोच. आत चौदाशे अंशांची काच, बाहेर जूनमधलं ऊन.
उस्तादांनी फुंकणीच्या टोकावर नारिंगी काच उचलली, ओल्या लाकडाच्या वाटीत गोल फिरवली. फस्सकन वाफ. फुंकणी फिरायची थांबली की गोळा लगेच एका बाजूला ओघळायला लागतो. आमच्या चाकावरही तोल असाच सांभाळावा लागतो, फक्त इथे बोटं लावायची सोय नाही. कामगारांना ते फारसं बोलत नाहीत, नुसती मान हलवतात.
मोजमापावरून मात्र सकाळीच जुंपली. मी कॅलिपर काढला, त्यांनी खिशातून लोखंडी परकाल. त्यांचा हिशेब सुतात, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या जरा वर. “बिटिया, एक सूत ढीला रखो.” मला एवढी फट डोळ्यांना खुपते.

२२ जून, फिरोजाबाद
फट का हवी ते उस्तादांनी करूनच दाखवलं. मातीचं एक कडं तापवलं आणि त्यातूनच काच फुंकली. कड्याच्या वर फुगली, खालीही फुगली. दिसायला अप्रतिम. मग सुमारे पाचशे अंशांच्या दुसऱ्या भट्टीत रात्रभर सावकाश थंड व्हायला ठेवली. सकाळी कड्यालगत काचेला आरपार तडा.
कारण साधं आहे. ही सोडा-लाइम काच थंड होताना माझ्या मातीपेक्षा जास्त आकसते. पाचशे अंश उतरेपर्यंत दहा सेंटीमीटर रुंदीवर फरक पडतो जेमतेम मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाइतका. काचेला तेवढा पुरतो. ग्लेझवरच्या बारीक जाळीमागे अशीच ओढाताण असते हे मी जाणते, पण तिथे भांडं निदान हातात राहतं.
चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, तुमच्याकडे काच होत नाही का? मग तळेगावच्या पैसा फंड कारखान्याचं सांगितलं. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून १९०८ साली उभा राहिला, आणि सुरुवातीला तो चालवला त्यांच्याच मुलखातल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचं आणि तिथल्या प्रभाकर कंदिलाचंही सांगितलं. उस्तादांना कंदिलाच्या काचेत रस. ती पत्र्यात घट्ट बसवायचे की सैल? सैल, तारेच्या आधाराने. ते नुसते हसले.

६ जुलै, पुणे
तांबट आळीत पितळेची कडी करून घेतली. तीन बारीक स्क्रू काचेच्या मानेचा काठ धरतात. टोपीही त्याच कडीच्या वरच्या अंगाला टेकते. मातीवर काचेचं ओझं नाही, काचेवर मातीचं नाही. दोन्ही पितळेला लटकलेली, मध्ये एक सूत मोकळं. टोप्या आधी भाजायच्या, मोजून फिरोजाबादला धाडायच्या आणि काच त्या मापाने फुंकायची, असं आता ठरलं. हाच क्रम बरोबर. भाजलेल्या मातीचं माप बदलत नाही, गरम काच मात्र अजून ऐकते.

२ ऑगस्ट, पुणे
भुश्यात गुंडाळलेली पेटी आली, सगळे गोळे शाबूत. वाळूतल्या लोखंडामुळे काचेला किंचित हिरवट झाक आहे, कुठे बुडबुडा. उस्ताद रंग मारून देतो म्हणाले होते. मी नको म्हटलं.
दिवा लावला. टोपीला आतून पांढरं चकचकीत ग्लेझ आहे, त्यामुळे वरचा उजेड परतून काचेतच येतो. बाहेरची माती काळसर, मंद. ज्या फटीवरून मी वाद घातला तिच्यातून उजेडाची एक बारीक रेघ छतावर उमटते. ती मी आखली नव्हती, पण आता प्रत्येक दिव्यात ठेवणार.
संध्याकाळी फोनवर पैशांचं बोलणं झालं. गिऱ्हाईक याला ‘तुमचा दिवा’ म्हणतं. ते बरोबर नाही. तळाला दोघांच्या खुणा, आणि खर्च वजा जाता उरेल ते निम्मंनिम्मं. उस्ताद म्हणाले, पितळवाल्याचंही नाव घाला. घालणार.
पेटीत टाकायची चिठ्ठीही लिहून झाली: ‘पाच वॅटपर्यंतचा एलईडी लावा, जुना तापणारा बल्ब नको. पुसण्याआधी दिवा बंद करून निववा. स्क्रू हातानेच आवळा, पक्कड लावू नका.’