पगाराचा पीएफ, शेडचा हिशेब

रविवारी रात्री धाकट्याचा फोन आला. तो तळेगाव दाभाड्याला आमच्या घरीच राहतो, सकाळी चाकणला कंपनीत जातो आणि संध्याकाळी लिंब फाट्याजवळच्या शेडमध्ये स्वतःची दोन लेथ चालवतो. म्हणाला, “दादा, पगारातून पीएफ कापतातच की. मग शेडच्या पैशातून वेगळं कशाला भरू?”

माझ्या समोर टेबलावर तोच प्रश्न पसरलेला होता. एका बाजूला नोकरीचा डब्ल्यू-टू (वर्षाच्या पगाराचा दाखला), दुसऱ्या बाजूला कन्सल्टिंगच्या पावत्या. डेट्रॉईटच्या आसपास गाड्यांच्या धंद्यातले आपले बरेच इंजिनिअर असं दुहेरी काम करतात (ग्रीन कार्ड झालेले, एच-वन-बीवर हे चालत नाही).

इथला, म्हणजे अमेरिकेतला, नियम असा. फोर-ओ-वन-के या निवृत्तीच्या खात्यात आपल्या कमाईतून भरायच्या रकमेची मर्यादा माणशी असते, नोकरीगणिक नाही. 2025 साठी ती 23,500 डॉलर होती. पन्नाशी ओलांडलेल्यांना आणखी 7,500. त्या वर्षी नोकरीत 15,000 भरले, तर धंद्याच्या खात्यासाठी 8,500 उरत. पण धंद्यात मालकही आपणच, म्हणून मालकाचा हिस्सा वेगळा भरता येतो: निव्वळ नफ्यातून स्वयंरोजगार कराचा निम्मा भाग वजा करून उरेल त्याच्या 20 टक्के. चाळीस हजार नफ्यावर हे साधारण 7,400 होतात. हा दुसरा हिस्सा फार जण सोडून देतात, याचं मला वाईट वाटतं.

पहिल्या वर्षी मी दोन्हीकडे पूर्ण मर्यादा भरली होती. कंपनीला माझा धंदा दिसत नाही, धंद्याचं खातं सांभाळणाऱ्याला पगार दिसत नाही. बेरीज माझी मलाच करायची होती. जादा रक्कम पुढच्या 15 एप्रिलच्या आत काढली नाही, तर तिच्यावर दोनदा कर बसतो. मार्चमध्ये लक्षात आलं म्हणून निभावलं.

धाकट्याला मी म्हटलं, पीएफ तुझ्या नोकरीला चिकटलेला आहे. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 12 टक्के तू, तेवढेच कंपनी. पण शेडमधल्या कमाईतला एक रुपयाही त्यात जात नाही. आणि नोकरी कायमची धरून चालू नकोस. आपल्या गावचा जनरल मोटर्सचा कारखाना 2008 ला सुरू झाला आणि 2020 च्या डिसेंबरात तिथलं उत्पादन थांबलं. पगार थांबला की पीएफची भरही थांबते. शेडमधून पीपीएफ भर. तिथेही मर्यादा माणशीच: वर्षाला दीड लाख, अज्ञान मुलाच्या नावाने तू भरशील ते धरून. त्यापुढे जमलं तर एनपीएस आहे.

“दीड लाख कुठून आणू?” तो म्हणाला.

आणायलाच हवेत असं नाही. वर्षाला पाचशे रुपयांवरही ते खातं चालू राहतं. थोड्याथोड्या पैशांतूनच आपल्या तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एकच पैसा मागितला होता आणि टिळकांनी ती कल्पना उचलून धरली. लहानपणी त्या कारखान्यावरून जाताना आप्पा हे दर वेळी सांगायचे. तेव्हा आम्हाला कंटाळा यायचा.

तेव्हा शेडमधून दोन हजार निघाले तर दोन हजार भर. फक्त पाच तारखेच्या आत भर. पीपीएफचं त्या महिन्याचं व्याज पाच तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावरच मोजतात.