तुवालू नावाचे गाव

आम्हा वर्धेकरांना समुद्र तसा परकाच. आमच्यापैकी पुष्कळांनी तो पाहिलेला असतो, नाही असे नाही. पण तो कुणाच्या लग्नाकार्याला नाहीतर नोकरीच्या मुलाखतीला मुंबईस गेले असताना, चौपाटीवर, भेळेच्या पुड्याच्या पलीकडे. आमच्या जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि त्यांपैकी एकाचे नाव चक्क समुद्रपूर आहे. पण समुद्रपुरात समुद्र नाही. तिथे कापूस, तूर आणि सोयाबीन आहे. अशा मुलखात जन्म काढलेल्या माणसाने पॅसिफिक महासागरातल्या नऊ बेटांची चौकशी करीत बसावे, याचे आमच्या घरात हसू होते. सौभाग्यवतीचे म्हणणे असे की, "समोरच्या घरात भाडेकरू कोण आले हे तुम्हांला ठाऊक नसते, आणि तुवालूचा पंतप्रधान कोण हे मात्र तोंडपाठ!"

याचे मूळ पोस्टाच्या तिकिटांत आहे. शाळेत असताना मला तिकिटे जमवण्याचा नाद होता. एका पाकिटात 'गिल्बर्ट अँड एलिस आयलंड्स' असे छापलेले एक तिकीट निघाले. काही वर्षांनी तसल्याच दुसऱ्या पाकिटातून 'तुवालू' या नावाचे तिकीट निघाले, आणि थोरांना विचारता कळले की, ही मंडळी त्याच संसारातली, पण आता वेगळी निघालेली. मी नकाशा उघडला. नकाशावर देशाचे नाव सहसा देशाच्या अंगावर छापलेले असते. इथे नाव सगळे पाण्यात होते आणि देश म्हणजे त्या अक्षरांवरून ओघळलेले शाईचे चार थेंब. तेव्हापासून हा देश माझ्या मनात रुतला तो आजतागायत. आपली तिकिटे जगातल्या माझ्यासारख्या छंदिष्टांना विकून त्या सरकारने सुरुवातीच्या वर्षांत बरीच मिळकत केली, हे पुढे वाचनात आले. त्या मिळकतीत आपलाही काही आण्यांचा वाटा आहे, असे मी मानतो!

देश केवढा? सगळी बेटे मिळून २६ चौरस किलोमीटर. आमचा वर्धा जिल्हा ६,३१० चौरस किलोमीटरचा. म्हणजे त्यात दोनशे चाळीस तुवालू मावून वर बांधाला जागा उरेल. लोकसंख्या दहा-अकरा हजार. आमच्याकडे एवढ्या वस्तीला मोठे खेडे म्हणतात आणि तिथे बसथांबा मिळावा म्हणून निवेदने द्यावी लागतात. त्या दहा-अकरा हजारांचा मात्र स्वतःचा झेंडा आहे, संसद आहे, आणि ५ सप्टेंबर २००० पासून संयुक्त राष्ट्रसंघात एक खुर्चीही आहे. त्या खुर्चीची कथा मोठी मौजेची आहे. इंटरनेटवर प्रत्येक देशाला दोन अक्षरांची शेपटी वाटून दिली गेली तेव्हा तुवालूच्या वाट्याला 'टीव्ही' ही अक्षरे आली. दूरचित्रवाणीचा धंदा करणाऱ्यांना ती हवीहवीशी वाटली. या दोन अक्षरांचा हक्क भाड्याने देऊन जो पैसा आला, त्यातून राष्ट्रसंघाच्या सभासदत्वाचा खर्च भागला. नावावर पोट भरणारी माणसे आपण पाहतो. नावाच्या शेपटीवर राष्ट्र चालल्याचे उदाहरण विरळाच!

तुवालू या शब्दाचा अर्थ 'एकत्र उभे असलेले आठ'. बेटे नऊ असून आठच का, असा प्रश्न चौकस वाचकांना पडेल. नववे निउलाकिता हे इवलेसे बेट पूर्वी ओसाड असे; तिथे पुढे निउताओ बेटावरची माणसे राहावयास गेली. तेव्हा मूळचे भाऊ आठच. आमच्या जिल्ह्याचे तालुकेही आठ. या योगायोगाचा काही अर्थ नाही, पण मला तो आवडतो.

ही बेटे प्रवाळांची. लाखो वर्षे इवल्या किड्यांनी आपली हाडे एकावर एक रचली आणि त्यांचा कडा पाण्याबाहेर आला, एवढेच त्यांचे बांधकाम. डार्विनने असा तर्क केला होता की, आधी ज्वालामुखी पर्वत असतो, तो हळूहळू बुडत जातो आणि त्याच्याभोवतीचे प्रवाळ मात्र वर वर चढत राहते. तो तर्क पडताळण्यासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ या काळात फुनाफुती बेटावर भोक पाडले. अकराशे फुटांहून खाली गेले तरी प्रवाळच! डोंगर नाही, नदी नाही, साधा ओढा नाही. सगळ्या देशात सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून साडेचार मीटरच्या आसपास. आमच्याकडच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या माडीवर उभे राहिले तर तुवालूच्या शिखरापेक्षा उंच जाता येईल. राजधानी फुनाफुती म्हणजे जमिनीची एक लांबट पट्टी. एका हाताला उधाणलेला महासागर, दुसऱ्या हाताला शांत खाजण, आणि मध्ये कुठे कुठे एका रस्त्यापुरती जागा. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, अमेरिकेच्या सैन्याने तिथे धावपट्टी बांधली. जपान्यांशी लढाई चालली होती. आज आठवड्यातून मोजकी विमाने येतात. विमान यायचे झाले की भोंगा वाजतो, माणसे बाजूला होतात. विमान नसते तेव्हा त्याच धावपट्टीवर मुले संध्याकाळी चेंडू खेळतात आणि उकाड्याच्या रात्री घरोघरची माणसे तिथे पथारी टाकतात. मोकळी जागा दुसरी आहेच कुठे!

खाण्यापिण्याकडे पाहिले की मात्र हे लोक फार परके वाटत नाहीत. मासे आणि नारळ हे तर झालेच. पण त्यांचे जपून ठेवलेले पीक म्हणजे 'पुलाका', आपल्या अळूचा थोरला भाऊ. पाने थोराड, खाली कंद. जमीन खणत खणत गोड्या पाण्याच्या थरापर्यंत न्यायची आणि त्या खड्ड्यात पालापाचोळ्याचे खत घालून पुलाका वाढवायचा. असे खड्डे बापाकडून मुलाकडे जातात. नारळाच्या पोयीतून गोड रस काढतात, म्हणजे आपली नीराच. आणि ती आटवून काकवीसारखा पाक करतात. गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत ताडगुळाचे प्रयोग केले होते. ती मंडळी फुनाफुतीला गेली असती तर त्यांना आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले असते. पिण्याचे पाणी मात्र आभाळाचे. छपरावर पडलेला पाऊस टाक्यांत साठवायचा आणि पुरवून वापरायचा. २०११ साली पाऊस लांबला तेव्हा सरकारला आणीबाणी पुकारावी लागली, बाहेरच्या देशांतून पाणी आणावे लागले. चहूकडे पाणी आणि घोटभर पाण्याची चणचण! उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

या लोकांचा पूर्वेतिहास फार दुःखाचा आहे. १८६३ साली पेरू देशातून माणसे पळवणारी जहाजे आली. गोड बोलून, फसवून त्यांनी नुकुलाएलाए आणि फुनाफुती या बेटांवरची शेकडो माणसे जहाजांत भरून मजुरीला नेली. ती परत आली नाहीत. नुकुलाएलाएवर तर मूठभर उरली. पुढे इंग्रजांचे राज्य आले. त्यांनी या पॉलिनेशियन लोकांना शेजारच्या गिल्बर्ट बेटांतल्या वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या वंशाच्या लोकांबरोबर एकाच वसाहतीत बांधले. १९७४ साली मत घेतले गेले तेव्हा वेगळे निघण्याच्या बाजूने ३,७९९ आणि विरुद्ध २९३ मते पडली. वाटणी कशी झाली, तर थोरल्याकडे फॉस्फेटचे उत्पन्न आणि धाकट्याला एक जहाज! आपल्याकडे एवढ्यावर तीन पिढ्या कोर्टात गेल्या असत्या. ते एक जहाज घेऊन बाहेर पडले आणि १ ऑक्टोबर १९७८ रोजी स्वतंत्र झाले.

त्यांचा राज्यकारभार हा माझ्या विशेष कुतूहलाचा विषय. संसदेत सोळा सभासद. आठ बेटांचे दोन-दोन. इंग्लंडचा राजा नावापुरता राजा, त्याच्या वतीने गव्हर्नर जनरल. राजकीय पक्ष एकही नाही. सोळा जणांनी एकत्र बसून आपल्यातला एक पंतप्रधान करायचा. २०२४ च्या जानेवारीत निवडणूक झाली, पण हवा बिघडल्यामुळे दूरच्या बेटांवरचे सभासद बोटीने राजधानीस पोहोचेनात, आणि पंतप्रधानाची निवड काही आठवडे अडून राहिली. शेवटी सगळे आले आणि फेलेती तेओ बिनविरोध निवडले गेले. प्रत्येक बेटावर शिवाय 'फालेकाउपुले' नावाची सभा असते. वडीलधारी मंडळी एकत्र बसून बेटाचे प्रश्न बोलतात, आणि १९९७ च्या कायद्याने या जुन्या सभेला कारभाराचे अधिकारही दिले आहेत.

हे वाचले की माझे मन पवनारकडे वळते. धाम नदीच्या काठावरच्या आश्रमातून विनोबा पक्षरहित लोकनीतीची आणि सर्वानुमतीची गोष्ट आयुष्यभर सांगत राहिले. आणि ज्यांचे ठाणे सेवाग्रामला दहा वर्षे होते त्या गांधीजींनी १९४६ च्या जुलैत 'हरिजन'मध्ये खेड्यांच्या राज्याचे चित्र काढले, तेव्हा उपमा योजली ती समुद्राची. वर टोक आणि खाली ओझ्याने दबलेला पाया असा मनोरा नको, तर पाण्यातल्या वर्तुळांसारखे एकाबाहेर एक पसरत जाणारे समाज हवेत, असा त्याचा भाव. समुद्र नसलेल्या जिल्ह्याला आपले घर म्हणणाऱ्या माणसाला ही उपमा सुचावी! तुवालूत ती वर्तुळे डोळ्यांना दिसतात: घर, बेट, आठ बेटे. पण म्हणून तिथे रामराज्य आहे असे समजण्याचे कारण नाही. पक्ष नसले तरी गट असतात. अविश्वासाचे ठराव येतात, सभासद इकडचे तिकडे होतात, सरकारे पडतात. फरक एवढाच की, पाडणारा आणि पडलेला संध्याकाळी त्याच धावपट्टीवर एकमेकांना भेटतात.

आणि आता या देशाला समुद्राचे भय आहे. तीस वर्षांत तिथले पाणी सुमारे १५ सेंटीमीटरने चढले. गंमत अशी की, जुनी-नवी विमानातून काढलेली छायाचित्रे ताडून पाहणाऱ्या शास्त्रज्ञांना १९७१ ते २०१४ या काळात बेटांचे एकूण क्षेत्र तीनएक टक्क्यांनी वाढलेले आढळले. लाटा वाळू आणि प्रवाळाचा चुरा आणून टाकतात म्हणून. पण क्षेत्र वाढून काय उपयोग? खारे पाणी खालून पुलाकाच्या खड्ड्यांत शिरते, पीक कुजते. फुनाफुतीत खाजणातली वाळू उपसून सरकारने सातेक हेक्टर नवी जमीन उभी केली आहे. आमच्याकडे तेवढे एखाद्या बऱ्या कास्तकाराचे शेत असते; तिथे तो राष्ट्राचा उद्योग होतो. २०२३ साली त्यांनी राज्यघटना दुरुस्त केली आणि तीत लिहून ठेवले की, भूमी नाहीशी झाली तरी तुवालू हे राज्य कायम राहील. जगात असे कलम दुसऱ्या कुणाला लिहावे लागल्याचे माझ्या वाचनात नाही.

हे मी माझ्या मामांना सांगितले. मामांचे गाव, म्हणजे माझे आजोळ, वर्धा नदीकाठचे. धरण झाले आणि ते बुडितात गेले. नवे गावठाण मिळाले. गावाचे जुने नावच पुढे 'पुनर्वसन' लावून चालू राहिले. पण भूखंड चिठ्ठ्या टाकून वाटले गेले, त्यामुळे चार पिढ्यांचे शेजारी दूर पांगले. एखाद्या कडक उन्हाळ्यात पाणी उतरते तेव्हा मारुतीच्या देवळाचा ओटा वर येतो, आणि म्हातारी माणसे तो पाहायला जातात. मामांनी घटनेतले ते कलम दोनदा विचारून घेतले. मग म्हणाले, "नाव राह्यते रे. नाव कुठी जाते? पन त्यायची ग्रामसभा कुठी भरन?"

मी त्यांना किओआची गोष्ट सांगितली. वाइतुपू बेटाच्या लोकांनी १९४६ साली फिजी देशातले किओआ हे बेट विकत घेतले आणि पुढच्या वर्षापासून काही कुटुंबे तिथे जाऊन राहिली. त्यांची मुले-नातवंडे अजून तुवालूची भाषा बोलतात. मामांना हे पसंत पडले. "सारे संगं गेले म्हंजे," ते म्हणाले, "आळीच्या आळी."

मग मी ऑस्ट्रेलियाशी झालेल्या कराराविषयी सांगू लागलो. त्याचे नाव 'फालेपिली', म्हणजे शेजारधर्म. २०२३ च्या नोव्हेंबरात सह्या झाल्या, २०२४ च्या ऑगस्टपासून तो अमलात आला. त्याअन्वये दर वर्षी तुवालूच्या २८० माणसांना ऑस्ट्रेलियात कायमचे राहता येते. २०२५ साली पहिल्यांदा नावे मागवली तेव्हा थोड्याच दिवसांत देशातल्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक माणसांची नावे आली. आणि निवड होते ती सोडतीने.

"सोडत?" मामा ताठ बसले. "म्हंजे चिठ्ठ्या?"

"चिठ्ठ्याच."

ते काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले की, याप्रमाणे सारा देश निघायला किती वर्षे लागतील. मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. जन्ममृत्यू सोडून दिले आणि सगळ्यांनीच जायचे म्हटले, तर चाळीसएक वर्षे.

"चाळीस!" मामा म्हणाले. "आमाले तं एक उन्हाळाच भेटला होता."