चलनावरची सही

न्यायालय म्हटले की आरोपीचा पिंजरा आणि आवेशपूर्ण युक्तिवाद आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. वाणिज्यिक न्यायालयात मात्र बोलतात ती कागदपत्रे. कायद्याच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एका वकिलांकडे उमेदवारी करीत असताना जिल्ह्याच्या ठिकाणी असा एक दावा मला ऐकावयास मिळाला.

व्यापारी तंट्यांसाठी ही व्यवस्था २०१५ च्या कायद्याने निर्माण केली. २०१८ च्या दुरुस्तीनंतर ३ लाख रुपयांपासूनचे तंटे तिच्या कक्षेत आले आणि लहान उद्योजकही या दारात उभा राहू लागला. या दाव्यातील वादी पुठ्ठ्याची खोकी बनविणारा होता. एका कंपनीने माल घेतला, पैसे दिले नाहीत, ही त्याची तक्रार. त्याची उलटतपासणी सुरू होती.

“या चलनावर सही कोणाची?”

“गोदामात माल उतरवून घेणाऱ्याची.”

“त्याचे नाव?”

“दहा वर्षं माल देतोय, साहेब. नाव कशाला विचारू?”

न्यायाधीशांनी उत्तर सांगितले व लघुलेखकाने टंकित केले: ‘सही करणाऱ्याचे नाव मला सांगता येत नाही.’ दहा वर्षांचा घरोबा त्या वाक्यात कोठेच उतरला नाही.

हे निष्ठुर वाटेल. परंतु प्रतिवादीच्या बाजूनेही विचार करून पाहा. कोणाही अनोळखी सहीवर कंपनीने पैसे द्यावेत काय? दूरध्वनीवरून मागणी नोंदविणारा व्यवस्थापक नोकरी सोडून गेला होता. वादीचा विश्वास त्या माणसावर होता. व्यवहार मात्र कंपनीशी होता. शिवाय या कायद्यानुसार आपल्याजवळची संबंधित कागदपत्रे दाव्यासोबतच सादर करावी लागतात. मागाहून आणावयाची तर न्यायालयाची परवानगी लागते.

निकालापूर्वीच माझी उमेदवारी संपली. तुमच्यापैकी अनेकजण दुकान, शेतमाल वा लहानसा कारखाना सांभाळून शिकत आहात. ओळखीच्या माणसाकडे पोच मागताना आपल्याला संकोच वाटतो, त्यात अविश्वास दिसेल असे वाटते. मला आता तसे वाटत नाही. माणसे बदलतात, नोकऱ्या सोडतात, विसरतात. तेव्हा दोघांमध्ये काय ठरले होते हे सांगावयास कागदच उरतो. म्हणून चलनावर सहीबरोबर नाव, तारीख आणि शिक्काही मागून घ्या.