गॅरेजशेजारची खोली



आमच्या गॅरेजला लागून १० बाय १२ ची खोली बांधायची ठरली. ह्यांचं म्हणणं, जास्तीचं सामान ठेवायला जागा हवी. मी कॉमर्सची, वही काढली आणि गॅरेजमधल्या वस्तू लिहीत गेले. ६३ निघाल्या, वर्षभरात वापरलेल्या ११ च! दशलक्षण पर्वात मी परिग्रह-परिमाण व्रत घेतलेलं, आणि आता परिग्रहासाठीच भिंती उभारायच्या?

"मग खोली नकोच!" ह्यांचा पारा चढला. तेवढ्यात सासूबाई जिना उतरताना दिसल्या, एकेका पायरीवर थांबत. देवदर्शनाला जायचं म्हणजे त्यांना रोज हा जिना. उत्तर समोरच होतं.

सामान वाटून टाकलं. खोली सासूबाईंची ठरली. पावसात जीवजंतू वाढतात, म्हणून चातुर्मास लागायच्या आत पाया खणायला घेतला. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही, पण जपून वागणं आपल्या हातात आहे. खणताना मुंग्यांचं वारूळ दिसलं, तेव्हा गवंडीदादांना दोन फूट अलीकडे भिंत घ्यायला सांगितली. खोली १० बाय १० चीच झाली.

सासूबाई म्हणतात, "मला एवढी पुष्कळ गं."