तात्पुरता रूल

छोट्या ऑफिसांची नेटवर्कं उभी करून देणं हा माझा धंदा. दुकानं, दवाखाने, पतसंस्था. फायरवॉलच्या बाबतीत माझ्या हातून झालेल्या बहुतेक चुका एकाच पतसंस्थेत, एकाच राउटरवर झाल्या, म्हणून तिथलंच सांगतो. गिऱ्हाइकाचं नुकसान झालं नाही, पण त्यात माझी हुशारी काही नाही.

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे फर्मवेअर टाकलं आणि तीन झोन केले: ऑफिसचे कॉम्प्युटर, सभासदांसाठीचं वायफाय आणि कॅमेरे, प्रिंटर वगैरे उपकरणं. कॅमेरे वेगळे ठेवायला कारण होतं. 2016 साली मिराई नावाच्या मालवेअरनं जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, ते कंपनीनं दिलेला पासवर्ड कुणी बदलत नाही एवढ्याच जोरावर. असली उपकरणं हिशेबाच्या कॉम्प्युटरशेजारी नकोत, हे मी मॅनेजर साहेबांना मोठ्या तोंडानं समजावलं होतं.

पहिला घोळ वायफायचा. सभासदांच्या झोनचं इनपुट मी रिजेक्टवर ठेवलं. ते बरोबरच होतं, पण मोबाइल जोडले जाईनात. 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' यापुढे गाडी सरकेना. इनपुट म्हणजे त्या झोनमधून खुद्द राउटरकडे येणारं ट्रॅफिक, आणि पत्ते वाटणारं डीएचसीपी राउटरवरच चालतं. त्यासाठी यूडीपी 67 आणि डीएनएससाठी 53, एवढी दोन पोर्टं उघडली की भागतं. मी अख्खं इनपुट ॲक्सेप्ट करून टाकलं. मोबाइल लागले, चहा आला. राउटरचं लॉगिनचं पान आता बाकावर बसलेल्या कुणालाही उघडता येईल, हे डोक्यातही आलं नाही.

फॉरवर्डबद्दलही माझा गैरसमज होता. झोनसमोरच्या रकान्यात फॉरवर्ड ॲक्सेप्ट केलं की दुसऱ्या झोनमध्ये जाता येतं, असं मी धरून चाललो होतो. तो रकाना एकाच झोनमधल्या इंटरफेसपुरता असतो. एका झोनमधून दुसऱ्यात जायचं तर कुठून कुठे ते वेगळं लिहावं लागतं. मी रकाना बदलला, काही फरक पडला नाही, आणि तसाच सोडून पुढे गेलो.

खरं पाप प्रिंटरचं.

"दादा, पावत्या निघत नाहीयेत. लाइन बघा किती लागलीय," कॅशियर ताई म्हणाल्या. ऑफिसकडून उपकरणांकडे जायची परवानगी मी दिलेली होती. मला वाटलं, प्रिंटरचं उत्तर परत यायला वाट नाही. म्हणून उपकरणांकडून ऑफिसकडे सगळं ॲक्सेप्ट, असा उलटा रूल टाकला आणि नाव दिलं 'टेंप'. अशा रूलची गरजच नसते. फोन लावणारा एक असतो, उचलणाऱ्याला बोलण्यासाठी उलटा फोन लावावा लागत नाही. फायरवॉल सुरू झालेलं कनेक्शन लक्षात ठेवते आणि त्याची उत्तरं आपसूक आत सोडते. त्यामुळे रूल लिहिताना बघायचं ते एवढंच, की सुरुवात कोण करतं. वर्षानुवर्षं राउटर बसवत होतो, पण हे मला धड कळलेलं नव्हतं.

प्रिंट तरीही निघेना. मग कॅशियरच्या कॉम्प्युटरची विंडोज फायरवॉल बंद केली. तरी नाही. शेवटी राउटरवर येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा टीसीपीडंप लावला, जो सगळ्यात आधी लावायला हवा होता. पॅकेट 9100 पोर्टवर प्रिंटरकडे जात होती, प्रिंटरकडून काहीच येत नव्हतं. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये गेलो तर गेटवेचा रकाना रिकामा. नवा पत्ता सकाळी मीच हातानं घातला होता. कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकाच नेटवर्कात असेपर्यंत गेटवेवाचून कुणाचं अडत नाही. झोन वेगळे झाले की प्रिंटरला उत्तर कुठे पाठवायचं तेच कळत नाही. गेटवे भरला, पावत्या भराभर निघाल्या. 'टेंप' तसाच राहिला आणि विंडोज फायरवॉलही बंदच राहिली.

पुढे दिवाळीनंतर माझ्या हाताखाली एक मुलगा कामाला लागला. रूल बघता बघता त्यानं विचारलं, "सर, हा टेंप कशाला?"

"प्रिंटरसाठी."

"प्रिंटर स्वतःहून ऑफिसला काय पाठवतो?"

मला सांगता येईना. तो बाहेर गेला, ओट्यावरच्या कॅमेऱ्याची केबल काढून लॅपटॉपला लावली आणि कॅशियरच्या कॉम्प्युटरवरचा शेअर केलेला फोल्डर उघडून दाखवला. आधार, पॅन, सह्यांचे नमुने. निदान विंडोज फायरवॉल चालू असती, तर हा फोल्डर उघडला नसता, कारण मुळातल्या सेटिंगमध्ये फाइल शेअरिंग त्याच नेटवर्कातल्या मशीनपुरतं असतं. मी दोन्ही कड्या एकाच दुपारी काढून ठेवल्या होत्या.

रूल उडवला तरी त्याच्या लॅपटॉपवर आधीपासून चालू असलेलं पिंग थांबेना, तेव्हा मी चांगलाच गडबडलो. जुनं कनेक्शन लक्षात होतं म्हणून ते चालू राहिलं होतं. पिंग थांबवून थोड्या वेळानं पुन्हा लावलं तेव्हा बंद झालेलं दिसलं. मॅनेजर साहेबांना त्या दिवशी मी 'थोडं सेटिंग सुधारलं' एवढंच सांगितलं. सगळं सांगायला पुढच्या वार्षिक देखभालीची भेट उजाडावी लागली. ते रागावले, आणि त्यांचं बरोबर होतं.

आता तिथे ऑफिसकडून फक्त प्रिंटरच्या पत्त्यावर 9100 आणि 631, ऑफिसकडून रेकॉर्डर बघायला त्याचं एक पोर्ट, आणि उपकरणांकडून ऑफिसकडे काही नाही. प्रत्येक रूलच्या नावात तो कुणी, कशासाठी टाकला ते असतं.

तुमच्या ऑफिसातही 'टेंप', 'टेस्ट' किंवा 'न्यू रूल' अशा नावाचं काहीतरी नक्की सापडेल. आधी कन्फिगचा बॅकअप घ्या, कामाची वेळ संपू द्या, मग तो रूल बंद करा. दुसऱ्या दिवशी कुणाचा फोन आला, तर त्यांचं नेमकं काय अडलं तेवढं लिहून घ्या आणि तेवढंच उघडा.